ग्रुपमधले काडीबहाद्दर

मागच्या अंकात सहज दोन ओळी टाकल्या होत्या, की तुमच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये कोणी उच्छाद मांडला असेल तर कळवा, बघू काही सुचतंय का. वाटलं चार-दोन मेल येतील. मेलबॉक्स भरला हो. त्यात अ‍ॅडमिन मंडळींची रडगाणी जास्त, काही नुसत्याच एकमेकांच्या तक्रारी (एकाच ग्रुपमधल्या दोघांनी एकमेकांबद्दल लिहिलंय, दोघांनाही माहीत नाहीये, मी पण सांगणार नाहीये), आणि एक पत्र असं आलं की ते वाचून मी चहा गार होईपर्यंत बसून राहिले. ते शेवटी घेतलंय. माझ्याबद्दल एवढंच सांगते की गच्चीवरच्या बागेचा एक फेसबुक ग्रुप मी आठ वर्षं चालवला, आणि माणसांबद्दल जे काही थोडंफार कळलं ते कॉलेजात नाही, पिठ्या ढेकूण या झाडांवरच्या किडीवरून झालेल्या भांडणांमध्ये कळलं.

ताई, आमची सोसायटी ६४ फ्लॅटची. मी सेक्रेटरी म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन पण मीच. तिसऱ्या मजल्यावरचे एक काका पहाटे साडेपाचला सुरू होतात. सुप्रभात, मग सुविचार, मग लिंबूपाण्याने कॅन्सर बरा, मग राजकारण. उद्या पाणी येणार नाही हा मेसेज त्याखाली गाडला जातो आणि लोक मलाच फोन करून विचारतात की पाणी का नाही. त्यात मधूनच टाकीच्या वॉटरप्रूफिंगचे पैसे कुठे गेले असं सगळ्यांसमोर विचारतात. शेवटी मी त्यांना काढलं, तर आता काकू त्यांच्या नंबरवरून तेच सगळं टाकतात. – त्रस्त सेक्रेटरी, डोंबिवली

दादा, आधी काकांना परत घ्या. आजच घ्या.

मी तुम्हाला उलट मेल करून एकच गोष्ट विचारली होती, की नेमक्या कुठल्या मेसेजनंतर काढलंत, आणि तुम्ही प्रामाणिकपणे कळवलंत की टाकीच्या. म्हणजे बघा, लिंबूपाणी तुम्ही दोन वर्षं सहन केलंत, सुविचार सहन केलेत, आणि हिशोब विचारल्यावर माणूस बाहेर. तुमच्या मनात तसं नसेलही, पण ६३ घरांना तेच दिसलं. आता काका हे उपद्रवी नाहीत, हुतात्मा आहेत, आणि हुतात्म्याला काही उपाय नसतो.

दोन गोष्टींची गल्लत झालीये. फॉरवर्ड हा उपद्रव आहे. हिशोबाचा प्रश्न हा उपद्रव नाही, तो कितीही खवचटपणे विचारला तरी नाही. सोसायटी सहकारी संस्था आहे, शेवटचा ऑडिट झालेला ताळेबंद आणि सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं बघायचा हक्क सभासदाला १९६० च्या सहकार कायद्यानेच दिलाय, तुम्ही-मी द्यायचा प्रश्नच नाही. त्यामुळे ग्रुपवर एक ओळ लिहा, की टाकीच्या कामाची बिलं ऑफिसात फाइलमध्ये आहेत, रविवारी अकरा ते बारा कोणीही येऊन बघा. बास. खाली वाद घालू नका. काका येतील, चष्मा लावून बिलं बघतील, बहुतेक एखादी चूक पण काढतील, आणि खरं सांगू का, अशी माणसं सोसायटीला लागतात.

आता फॉरवर्डचं. इथे माणूस बदलायला जाऊ नका, ग्रुपची रचना बदला. एक ग्रुप फक्त सूचनांचा, त्यात 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील' हे सेटिंग लावून टाका, २०१८ पासून ते आहे आणि अजूनही निम्म्या सोसायट्यांना ते माहीत नसावं असं मला येणाऱ्या मेलवरून वाटतं. पाणी, लिफ्ट, मेंटेनन्स, गाडी आडवी लावलीये, सगळं तिथे. दुसरा ग्रुप कट्टा. तिथे सुप्रभात काय, मोदक काय, काय हवं ते, ज्याला नको तो म्यूट करेल. आणि हे तुम्ही एकट्याने ठरवू नका, वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते ना, त्यात पाच मिनिटं काढून ठराव करा. एकदा सभेत ठरलं की मग तुम्ही 'हे कट्ट्यावर टाका' म्हणालात तर तो सेक्रेटरीचा माज वाटत नाही.

लिंबूपाण्याला मात्र हसून सोडू नका एवढं सांगते. आपण फॉरवर्डकडे म्हाताऱ्या माणसांचा चाळा म्हणून बघतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठेचून मारलं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची सोलापूरकडची गरीब माणसं, भिक्षा मागून जगणारी, आणि त्यामागे होती मुलं पळवणारी टोळी फिरतेय ही मोबाइलवरून फिरलेली अफवा. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली, पुढे २०२० मध्ये खूप वेळा फिरलेला, दोन बाणांची खूण असलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. तेव्हा काकांना कधी खाली भेटलात तर ते दोन बाण दाखवा. म्हणावं काका, हे दिसलं की समजायचं हा मेसेज गावभर उष्टा होऊन आलाय. माझ्या सासऱ्यांवर 'उष्टा' या शब्दाने जे काम झालं ते दहा फॅक्टचेकने नव्हतं झालं.

आमचा सह्याद्रीतल्या भटकंतीचा ग्रुप आहे. एक मेंबर असा आहे की किल्ल्यांबद्दल त्याच्याइतकं कोणालाच माहीत नाही, प्रत्येक वाट तोंडपाठ. पण नवीन पोरांनी काही विचारलं की फाडून खातो. परवा एकाने पाचनईकडून हरिश्चंद्रगड पावसात जमेल का विचारलं, तर म्हणे आधी बूट आणि फ्लोटर यातला फरक शिक, गड कुठे पळून जात नाही. लोक हसतात. काढावं तर ग्रुपची अक्कलच जाईल, ठेवावं तर नवीन लोक टिकत नाहीत. – भटक्या, नाशिक

हा या सगळ्यातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि मी यात नापास झालेली आहे त्यामुळे जरा लांबण लावते.

आमच्या बागेच्या ग्रुपमध्ये असाच एक होता. त्याला गुरुजी म्हणू. गुटी कलम (फांदीला झाडावरच मुळं फोडून करतात ते), छाटणी, माती, कुठल्या किडीला काय, सगळं पाठ, फोटो बघून सांगायचा की पाणी जास्त होतंय की ऊन कमी. दोन वर्षं आम्ही अ‍ॅडमिन लोक त्याच्या जिवावर मिरवलो. मग एकदा सोलापूरहून एका बाईंनी फोटो टाकला. कढीपत्ता, तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात लावलेला, पानं पिवळी पडलेली, मागे शाळेचं दप्तर लटकवलेलं दिसत होतं. 'पान पिवळी पडतात काय करू ताक घातल तरी' एवढंच लिहिलेलं, ना कुठे अनुस्वार ना पूर्णविराम. गुरुजींनी खाली लिहिलं, तेलाच्या डब्यात झाड लावणाऱ्यांनी पानांच्या रंगाची चिंता करू नये. धडाधड हसणारे चेहरे पडले त्यावर. मी पण एक टाकला. हो, मी पण.

त्या बाईंचा प्रॉब्लेम काय होता माहितीये? डब्याला खाली भोक नव्हतं. पाणी साचून मुळं कुजत होती. गुरुजींना ते फोटो बघताक्षणी कळलं होतं, त्यांच्या त्या टोमण्यातच ते उत्तर होतं, फक्त ते बाईंना कळण्यासारखं नव्हतं. 'डब्याला खालून खिळ्याने चार भोकं पाडा', पाच-सहा शब्दांचं काम. बाई दुसऱ्या दिवशी ग्रुपमधून गेल्या. कोणाला कळलंही नाही, मला कळलं ते महिनाभराने, दुसरं काहीतरी शोधताना.

त्यानंतर एका रविवारी मी वही घेऊन बसले आणि मागचे तीन महिने वर सरकवत सरकवत बघितले, नवीन कोण आलं, काय विचारलं, पहिलं उत्तर कोणी दिलं, तो माणूस परत कधी बोलला का. ज्यांना गुरुजींनी पहिलं उत्तर दिलं होतं त्यातले बहुतेक परत दिसलेच नाहीत. ज्यांना बाकी कोणी, अगदी अर्धवट माहितीवर का होईना, 'अरे वा छान आहे झाड, माझं पण असंच झालेलं' म्हटलं होतं ते टिकले होते, त्यातले दोघंतिघं तर आता दुसऱ्यांना उत्तरं देत होते. तुम्ही पण हे करून बघा. अक्कल जाईल अक्कल जाईल म्हणून आपण घाबरतो आणि नवीन अक्कल रोज मागच्या दाराने बाहेर चाललेली असते तिचा कोणी हिशोब ठेवत नाही.

मग मी गुरुजींना फोन केला. टाइप नाही केलं, फोन. हे महत्त्वाचं आहे, टाइप केलेल्या शब्दाला आवाज नसतो, समोरचा त्याला वाटेल तो आवाज लावतो. मी तो सोलापूरचा स्क्रीनशॉट पाठवला आणि मग फोन केला. ते म्हणाले, मी खोटं बोललो का? म्हटलं नाही. मग? म्हटलं त्या बाई गेल्या. ते म्हणाले, ज्यांना शिकायचंच नाही ते जाणारच. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता सुचतं, की अहो ती शिकायलाच तर आली होती, पण ते आता सुचून काय उपयोग.

पंधरा-वीस दिवस ते छान वागले, मग परत तेच. मी सात दिवस त्यांचं लिहिणं बंद ठेवलं, फेसबुकवर तशी सोय आहे, तर ते स्वतःच ग्रुप सोडून गेले आणि जाताना तीसेक माणसं घेऊन गेले, वेगळा ग्रुप काढला. चांगला चाललाय म्हणे. आणि आमच्याकडे अजूनही गुटी कलमाचा प्रश्न आला की सगळे गप्प होतात. हे पण सांगते कारण नाहीतर तुम्हाला वाटेल की काढलं की सगळं सुरळीत झालं. नाही होत. किंमत मोजावी लागते, फक्त कुठली मोजायची ते आपण ठरवायचं.

मी काय चुकले ते सांगते म्हणजे तुम्ही चुकणार नाही. दोन वर्षं थांबले ही पहिली चूक. पहिल्या टोमण्यालाच, प्रेमाने, एकांतात सांगायला हवं होतं, तेव्हा त्यांना सवय झाली नव्हती आणि टाळ्याही मिळाल्या नव्हत्या. दुसरं म्हणजे फोन मी करायला नको होता, त्यांच्या लेखी मी कोण, गुलाबाला अंड्याची टरफलं घालणारी बाई. ज्याला ते मानतात अशा कोणीतरी करायला हवा होता. तुमच्याकडे जुना एखादा ट्रेकर असेल ज्याच्यासमोर हा माणूस जरा आवाज खाली घेतो, त्याला पुढे करा. आणि तिसरं, गुरुजींना एकच प्रश्न चारशेव्यांदा वाचून वैताग येत होता हे खरंच होतं, तो वैताग खोटा नव्हता. तुमच्या माणसाकडून पावसाळ्यातल्या वाटा, कुठे दोर लागतो, कुठे जायचंच नाही, असं सगळं एकदा लिहून घ्या, त्याच्या नावाने वर पिन करा, आणि नवीन पोराने पाचनई विचारलं की बाकीच्यांनी त्याची लिंक द्यायची, त्याने उत्तरच द्यायचं नाही. त्याची माहिती ग्रुपला, त्याची जीभ त्याच्यापाशी.

बूट-फ्लोटरचा मुद्दा त्याचा बरोबर आहे बरं का. पावसात फ्लोटर घालून कातळावर चढणाऱ्यांना मी पण ओरडेन.

मी शिक्षक आहे, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन. एक जण रात्री उशिरा (समजून घ्या कुठल्या अवस्थेत) ग्रुपमधल्या मुलींबद्दल नको ते लिहितो. सगळे म्हणतात सर तुम्ही अ‍ॅडमिन आहात, पोलीस तुम्हालाच धरतील. खरं आहे का? – घाबरलेला अ‍ॅडमिन, लातूर

सर, कायद्याचं आधी सांगते. गोंदिया जिल्ह्यातली अशीच एक केस मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आली होती. एका मेंबरने ग्रुपमधल्या बाईंबद्दल घाणेरडं लिहिलं, अ‍ॅडमिनने त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून अ‍ॅडमिनवरही गुन्हा. मार्च २०२१ मध्ये कोर्टाने तो गुन्हा रद्द केला. म्हणणं साधारण असं, की अ‍ॅडमिनच्या हातात मुख्यतः माणूस घेणं आणि काढणं एवढंच असतं, कोण काय लिहिणार हे त्याला आधी कळत नाही, त्यामुळे दोघांचं आधीपासून संगनमत होतं असं दिसल्याशिवाय दुसऱ्याच्या मेसेजसाठी त्याला गुन्हेगार धरता येणार नाही. म्हणजे नुसते अ‍ॅडमिन आहात म्हणून बेड्या पडणार नाहीत. तुम्ही स्वतः काही लिहिलंत, ते पुढे पाठवलंत, चिथावणी दिलीत, तर गोष्ट वेगळी.

पण सर, तुमच्या मूळ लांबलचक पत्रात 'पोलीस' हा शब्द पाच वेळा आलाय आणि त्या मुली एकदा. कोर्ट म्हणतं जबाबदारी नाही, ते तुमच्यावरच्या गुन्ह्याबद्दल. तुमच्याच वर्गात बसलेल्या मुली आहेत त्या, आज चाळिशीच्या असतील, त्या रात्री तो मेसेज वाचतात आणि सकाळी बघतात तर त्याखाली कोणीतरी गुलाबाचं फूल टाकून गुड मॉर्निंग केलेलं असतं, आणि सर गप्प.

ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्याशी आधी बोला, त्यांना काय हवंय ते विचारा. स्क्रीनशॉट नंबर आणि वेळेसकट काढून ठेवा, मगच मेसेज 'सगळ्यांसाठी' डिलीट करा, अ‍ॅडमिनला २०२२ पासून ते करता येतं. लोक उत्साहात आधी डिलीट करतात आणि मग पुरावा शोधत बसतात. मग त्या माणसाला काढा आणि ग्रुपवर दोन ओळीत कारण लिहा. ताकीद बिकीद नाही, ताकीद सुप्रभातला असते, याला नाही. तक्रार करायची की नाही हे त्या मुली ठरवतील, करायची असेल तर सायबर पोलीस ठाणं आहे, सरकारचं सायबर क्राइम पोर्टल आहे, तिथे तुम्ही सोबत जा. आणि त्याचा कोणी जवळचा मित्र असेल तर त्याला म्हणावं जरा घरी जाऊन ये त्याच्या, रात्री उशिराचं लिहिणं नेहमी नुसता माज नसतो. पण ग्रुपमध्ये परत घ्यायचं ते त्यानंतरही नाही.

आमचा पुस्तकांवर गप्पा मारायचा ग्रुप, निम्मे अमेरिकेत निम्मे महाराष्ट्रात. एक आयडी दर शुक्रवारी रात्री काडी टाकतो आणि गायब होतो. आम्ही झोपतो तेव्हा तिकडे भारतात शनिवार सकाळ, सगळ्यांना सुट्टी, उठून बघावं तर दोनशे मेसेज. आता त्याच्या बाजूने बोलणारे दोन नवीन आयडी पण आलेत, मला खात्री आहे ते त्याचेच डुआयडी (डुप्लिकेट आयडी) आहेत. रंगेहाथ कसं पकडू? – वाचनवेडी, न्यू जर्सी

मायबोली ही मराठी गप्पांची वेबसाइट सुरू झाली १९९६ मध्ये, म्हणजे मराठी माणूस ऑनलाइन भांडतोय त्याला आता एक पिढी होत आली, आणि तेवढ्यात आपण या विषयाची आख्खी भाषा तयार केलीये. आयडी, डुआयडी, धागा, अवांतर, पिंक टाकणे, कंपू, आणि माझा लाडका शब्द 'रोमात', म्हणजे नुसतं वाचत बसणारा. तुमच्या त्या काडीबहाद्दराला हा सगळा इतिहास पाठ असणार. इंग्रजीत ट्रोलिंग म्हणजे चालत्या होडीमागे गळ ओढत नेणं, आपल्याकडे 'गळ टाकणे' आहेच. गळ टाकणारा माशाशी वाद घालायला आलेला नसतो हे एकदा लक्षात घेतलं की तुमचे अर्धे शनिवार वाचतील. तुम्ही कळवलेली त्याची वाक्यं, 'परत या नाहीतर तिकडेच रहा', 'भाषांतरं वाचणारे खरे वाचक नव्हेत', हे त्याचं मत नाही, ते आमिष आहे. मत असलेला माणूस धाग्यावर थांबतो, हा थांबत नाही.

उपाय अगदी कंटाळवाणा आहे. शुक्रवारी रात्री झोपायला जाताना त्याचा धागा बंद करा, सोमवारी उघडा. डिलीट नाही करायचा, डिलीट केलं की मुस्कटदाबी मुस्कटदाबी म्हणून दुसरा धागा येतो. किंवा पुण्यातल्या कोणालातरी शनिवार सकाळची अ‍ॅडमिन करा, एवढं साधं सुचलं कसं नाही तुम्हाला. आणि दोनशे मेसेज त्याने नाही लिहिलेत हो, त्याने एक लिहिला, बाकीचे तुमच्या शहाण्यासुरत्या लोकांनी लिहिलेत. त्यातल्या चारपाच नेहमीच्या यशस्वी लढवय्यांना बाजूला घेऊन सांगा की बाबांनो, शनिवारी उत्तर द्यायचं नाही, फारच खाज सुटली तर वहीत लिहा.

डुआयडीचं मात्र जपून. मी एकदा असं रंगेहाथ पकडलंय. दोन आयडी, दोघींचा फोटो अँथुरियमचाच, दोघी 'आणी' लिहायच्या, दोघी पूर्णविरामाऐवजी तीन टिंबं द्यायच्या, एक बोलली की दुसरी पाच मिनिटात 'अगदी बरोबर...' म्हणून हजर. मी जाहीर पोस्ट टाकून दोन्ही उडवले. संध्याकाळी फोन आला. सासू आणि सून होत्या. सासूबाईंना टाइप करता यायचं नाही म्हणून सून दोघींचं टाइप करायची, आणि ती 'अगदी बरोबर' सासूबाईच म्हणायच्या, तोंडी, शेजारी बसून. अशी सासू मिळायला नशीब लागतं आणि मी तिला फेक ठरवून चारशे लोकांसमोर हाकललं होतं. माफीची पोस्ट टाकली, पण सासूबाई परत आल्या नाहीत.

तेव्हापासून कोण कोणाचा डु याच्या मागे मी लागत नाही. तिघं असोत की एकच माणूस तीन शर्ट बदलून येत असो, लिहिलंय काय ते बघायचं. नियमात बसतं तर राहू दे, नाही बसत तर तिन्ही बंद.

फॅमिली ग्रुपमध्ये चुलतभाऊ आणि मामा रोज राजकारणावरून भांडतात. सोडावा का ग्रुप? सोडला तर आई रडेल. – एक भाचा, सांगली

सोड. २०२२ पासून गुपचूप सोडता येतो, सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते. अ‍ॅडमिन आईच असेल तर म्यूट कर, अर्काइव्हमध्ये टाक, आणि वाढदिवसाला तेवढा केक टाकत जा. मामाला आणि भावाला थांबवायचा प्रयत्न करू नकोस, ते एकमेकांची वाट बघत असतात.

सौ. संपादकांस, मी ७० वर्षांचा निवृत्त मुद्रितशोधक. १९७२ च्या अकरावी मॅट्रिकच्या आमच्या बॅचचा ग्रुप आहे. मला अशुद्ध लेखन सहन होत नाही, आयुष्यभर तेच काम केले. मी ग्रुपवर चुका दुरुस्त करून देतो. मागच्या महिन्यात एक वर्गमित्र गेला. कोणीतरी 'भावपुर्ण श्रद्धांजली' लिहिले, पुढे सर्वांनी तेच उचलले. मी लिहिले, पू दीर्घ, भावपूर्ण. यावर कोणीच काही बोलले नाही. तेव्हापासून मी काहीही टाकले तरी कोणी उत्तर देत नाही. मुलीला दाखवले तर ती म्हणाली, बाबा, तुमच्या ग्रुपमधले ट्रोल तुम्हीच आहात. हे खरे आहे काय? आपल्या उत्तराच्या प्रतिक्षेत. – एक वाचक, पुणे

काका,

मुलीचा शब्द जरा चुकलाय. ट्रोलला मजा हवी असते, तुम्हाला ती नको होती. तुम्हाला आयुष्यभर ज्या गोष्टीचा पगार मिळाला ती तुम्ही फुकट वाटत होतात, आणि लोकांना ती नको होती, एवढंच. त्रास मात्र दोन्हीचा सारखाच होतो, समोरच्याला कारण दिसत नाही.

पू दीर्घच. त्यात वाद नाही. पण तो मेसेज तुम्ही लिहिलात तेव्हा तुमच्या त्या मित्राच्या घरी काय चाललं असेल? त्यांच्या मिसेस त्या ग्रुपमध्ये नसतील, पण मुलाने बाबांचा फोन चालू ठेवलाच असेल, तसा सगळेच ठेवतात काही दिवस, कोण कोण काय म्हणतंय ते आईला वाचून दाखवायला. तो वाचत वाचत खाली आला असेल, भावपुर्ण, भावपुर्ण, भावपुर्ण, आणि मग तुमचा. तुम्ही त्या मित्राबद्दल एक शब्द लिहिला नव्हतात. मी तुम्हाला मेलवर विचारलं की तुमची त्याची ओळख कशी, तर तुम्ही केवढं लिहिलंत, शाळेच्या मागच्या ओढ्यात बुडताना त्याने तुम्हाला शर्टाला धरून ओढलं होतं, दोघांनी ओला शर्ट घरी कळू नये म्हणून वाळत बसून संध्याकाळ काढली होती. ते ग्रुपवर टाका ना. उशीर झालाय असं वाटत असेल, पण गेलेल्या माणसाबद्दलचं चांगलं कधीही वाचायला आवडतं घरच्यांना. वर 'त्या दिवशी माझं चुकलं' एवढं एक वाक्य, स्पष्टीकरण नको.

आणि शुद्धलेखन सोडू नका, मी कोण सांगणार सोडा म्हणून. व्हॉट्सअ‍ॅपवर २०२३ पासून पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो. तेव्हा कोणाची चूक दिसलीच, आणि ती व्यक्ती तुमच्या जवळची असली, तर तिला एकटीला कळवा, पंधरा मिनिटात, तिची ती गुपचूप बदलेल आणि वर थँक्यू म्हणेल. ग्रुपवर नाही.

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीतल्या एका वेलांटीबद्दल मी तुम्हाला वेगळा मेल केलाय. इथे चारचौघांत सांगत नाही.